बाग रस्त्याच्या खाली: वडगावच्या आमच्या ओपन स्पेसचं काय झालं ते

बेळगावातल्या वडगावच्या खालच्या अंगाला, म्हणजे जिथनं पुढं शिवार सुरू होतं तिकडं, आमच्या लेआऊटमध्ये एक एकराच्या आसपास ओपन स्पेस आहे. वर्षानुवर्षं तिथं काय होतं तर काँग्रेस गवत, विलायती बाभळी, कुणाच्या तरी बांधकामाचा उरलेला राडारोडा आणि संध्याकाळी पोरांचं क्रिकेट. मग एकदा कळलं की इथं पार्क मंजूर झालाय, सगळे खूश, मीपण खूश. एस्टिमेटची झेरॉक्स हाती आली ती बघितली तर चारी बाजूनं कंपाऊंड, आत दीड-दोन फूट भराव, भरावावर पेव्हरचा वॉकिंग ट्रॅक, मधे लॉन, एक गझेबो म्हणजे छत्रीसारखा मंडप आणि ओपन जिम. भराव कशाला विचारलं तर पावसात तिथं पाणी साठतं म्हणून. बरोबर आहे, साठतंच. पण ते तिथं साठतं म्हणून आमच्या घरात थोडं कमी येतं, हे त्या एस्टिमेटमध्ये कुठंच नव्हतं.

आमच्याकडं घरोघरी माग आहेत. वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळा विणकरांचा पट्टा, पुढच्या खोलीत पॉवरलूम आणि मागं स्वयंपाकघर अशी घरं. पाणी उंबऱ्याच्या आत आलं की पहिल्यांदा मागाची मोटर जाते, मग बीमवरचं, म्हणजे मागाच्या रुळावर गुंडाळलेलं सूत भिजतं, मग आठवडाभर काम बंद आणि साडीची ऑर्डर दुसऱ्याकडं. २०१९ च्या ऑगस्टात बेळगावात जो पूर आला तो सगळ्यांना माहीतच आहे, पण आम्हाला तेवढा मोठा पाऊस लागत नाही, मे महिन्यातला एक दणकून वळीव झाला तरी पुरतो.

तर आम्ही चार-पाच जण बसलो. एक अण्णा, रिटायर ओव्हरसियर, नाकावर चष्मा आणि तोंडात कायम ‘लेव्हल बगा आदी लेव्हल’. दुसरी आमच्या मावशीच्या नात्यातली पोरगी, पुण्यात आर्किटेक्चर करून मग लँडस्केपचं शिकलेली. तिनं एस्टिमेट वाचलं आणि म्हणाली, मामा, ही बाग रस्त्याच्या वर नको, रस्त्याच्या खाली पाहिजे. पुढचं सगळं भांडण, सगळी धावपळ ह्या एका वाक्यावर झाली असं म्हटलं तरी चालेल.

खाली म्हणजे किती खाली, हे मोजायला इंजिनिअरचं मशीन नव्हतं. गवंडीमामांची लेव्हल पाईप घेतली, तीच पारदर्शक नळी, पाणी भरून दोन टोकं धरायची. एक टोक माझ्या उंबऱ्यावर, एक रस्त्याच्या मधे, मग तिथनं ओपन स्पेसच्या कडेला, असं करत सगळी गल्ली उतरलो. पोरं मागनं, बायका दारातनं, ‘काय करूलासा ओ?’ हे प्रत्येक दारात. ज्यांच्या भिंतीवर जुन्या पुराची ओल दिसत होती तिथं गेरूनं रेघ मारली. शेवटी कागदावर आलं ते असं की आमच्या ओळीतले उंबरे रस्त्यापेक्षा वीतभर खाली गेलेत, कारण जुन्या डांबरावर नवीन डांबर, त्यावर परत नवीन, असं रस्ता वर वर येत गेला. आणि ओपन स्पेस रस्त्यापेक्षा साधारण फूटभर खाली. आता त्यात दोन फूट भराव टाकला तर बाग रस्त्याच्या फूटभर वर जाणार आणि गल्लीत सगळ्यात खोल जागा राहणार ती आमची घरं. अण्णांनी तो कागद वहीत चिकटवला आणि पुढं ज्याच्या त्याच्यासमोर ती वहीच उघडायचे, भाषण नाही काही नाही.

मग हिशोब. तो पोरीनं करून दाखवला आणि तो इतका सोपा आहे की आता आमच्या गल्लीतली आठवीतली पोरंपण करतात. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. आमच्या ओपन स्पेसकडं वरच्या अंगाचे रस्ते आणि गच्च्या मिळून ३ एकर उतरतात, म्हणजे १२,००० चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटरचा वळीव आला तर ६ लाख लिटर. सगळं काँक्रीट आणि पत्रा असल्यामुळं त्यातलं ८० टक्के तरी वाहून येणारच, म्हणजे ४ लाख ८० हजार लिटर, दहा हजारी टँकर धरले तर ४८ टँकर तासाभरात गल्लीच्या तोंडाशी. लॉन असतं तर त्यातलं बरंचसं मातीत मुरलं असतं, पण लॉन कुणाच्या गच्चीवर आहे?

आणि जागा किती मिळते? खेळायचं मैदान १,२०० चौरस मीटर, ते कडेपेक्षा ३० सेंटिमीटर खोल केलं तर ३ लाख ६० हजार लिटर. रस्त्याच्या कडेनं ३०० चौरस मीटरचा झाडांचा खोलगट पट्टा, त्यात २० सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तर आणखी ६० हजार. ४ लाख २० हजार झाले. उरलेले ६० हजार कडेच्या खाचेतनं गटारीला जाऊ देत, तेवढं गटार घेतं. म्हणजे सगळं पाणी आम्ही अडवणार असं कधीच म्हटलं नाही, पहिल्या तासाचा जो लोंढा येतो तेवढा धरायचा आणि मग हळूहळू सोडायचा.

हे मैदान म्हणजेच तळं, ही कल्पना लोकांना पटायला वेळ लागला. मोबाईलवर फोटो दाखवले. नेदरलँडच्या रॉटरडॅममध्ये बेंथेमप्लाईन नावाचा चौक आहे, २०१३ चा, कोरडा असताना पोरं त्यात बास्केटबॉल खेळतात आणि पावसात त्यात १७ लाख लिटरपर्यंत पाणी मावतं. बँकॉकमध्ये चुलालाँगकॉर्न विद्यापीठाचा शताब्दी पार्क, २०१७ ला उघडला, ११ एकर, अख्खा पार्कच एका बाजूला ३ अंश कलता केलाय म्हणजे पाणी आपोआप उतरत खालच्या तळ्यात येतं, तो बनवणारी बाई कोचाकोर्न वोराखोम. ‘ते बँकॉक हाय ओ, हितं कुठलं’ असं एकानं म्हटलंच. मग चेन्नईचं सांगितलं, तिथल्या महापालिकेनं गल्लीबोळातल्या पार्कात असे स्पंज पार्क केलेत, खोलगट तळं आणि भोवती झाडं. चेन्नई म्हटल्यावर जरा गप्प बसले, चेन्नईला बऱ्याच जणांचं सूत-साडीच्या धंद्यानं जाणंयेणं आहे.

आता माती. इथं मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. बेळगावात टिळकवाडी-हिंदवाडीकडं जा, तांबडी माती आणि खाली जांभा, पाणी ओतलं की गडप. आमच्याकडं काळी. भाताची माती, बासमती पिकणारी, पाणी धरून ठेवते म्हणून तर भात येतो. बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की चार शोषखड्डे मारा, विषय संपला. पोरीनं सांगितलं, टेस्ट करू, पण दोनदा करायची, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा जुलैत. दोन फूट खोल खड्डा काढायचा, पाणी भरून आधी माती भिजू द्यायची, परत भरायचं आणि तासाला किती उतरलं ते काडीला खुणा करून बघायचं. मेमध्ये केलं तर पाणी सरसर खाली, सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात. पण काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पाणी मुरत नसतं, भेगांतनं पळत असतं. जुलैत तोच खड्डा भरला तर दुसऱ्या दिवशीपण जवळजवळ तसाच. शिवाय आमच्या वाड्यातली विहीर जुलैत बघा, पाणी हाताला लागेल इतकं वर आलेलं असतं, जमीनच खालनं भरलेली, ती वरनं कुठलं पिणार? हे बघितल्यावर शोषखड्ड्यांचा विषय आपोआप मागं पडला. मुरवणं हे आमच्या इथं बोनस, खरं काम साठवून सावकाश सोडायचं.

सावकाश सोडायला काय लागतं तर मैदानाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात एक ४ इंची पाईप. बास. मोठा पाईप टाकला तर पाणी थांबणारच नाही, लगेच नाल्यात जाईल, आणि लहान टाकला तर दोन-दोन दिवस तुंबून राहील. ४ इंचाला, मैदान काठोकाठ भरलं असलं तरी, सतरा-अठरा तासांत रिकामं होतं असा हिशोब निघाला. संध्याकाळचा वळीव दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेलेला.

नाल्याचं पण सांगायला पाहिजे. आमचं सगळं पाणी शेवटी जातं बळ्ळारी नाल्याला, आणि तो नाला पावसाळ्यात येळ्ळूर-वडगाव-शहापूरच्या शिवारात पसरतो, भाताचं लावलेलं तरू, म्हणजे रोपं, कुजून जातं, शेतकरी दरवर्षी ओरडून ओरडून दमलेत. शिवारातले एक काका मीटिंगला आले होते, बोलायला उभे राहिले ते सरळ म्हणाले, ‘तुमचं गावातलं पाणी तुमी ढकलून देता, आनि आमचं भात बुडतंय.’ कुणी काही बोललं नाही. एका एकराच्या पार्कानं नाला काय थांबणार नाही हे त्यांनापण कळत होतं, पण मीटिंगमधून उठताना म्हणाले, असले पन्नास करा मग बघू.

ऑफिसात मात्र वेगळंच. अर्ज कन्नडमधे पाहिजे, तो भाच्यानं लिहून दिला, त्याचं कन्नड मीडियम. साहेबांनी वाचला, नकाशा बघितला, आणि पहिला शब्द ‘आगंगिल्ल री’. का नाही होणार? तर पार्कात खड्डा असा आयटमच नाही. एस्टिमेट होतं ते रेटच्या पुस्तकातनं, त्यात भराव आहे, पेव्हर आहे, लॉन आहे, गझेबो आहे. त्यांची पण चूक म्हणता येत नाही, बाहेरच्या माणसाचा नकाशा घेऊन उद्या ऑडिटला काय दाखवायचं. इथं अण्णा कामाला आले. त्यांनी दोन दिवस बसून तेच एस्टिमेट परत लिहिलं, भरावाची रक्कम काढली, तेवढ्यात खुदाई बसवली, खुदाई तर पुस्तकात आहेच, मैदानात उतरायच्या पायऱ्या म्हणजे दगडी बांधकाम, खोलगट पट्टा म्हणजे प्लांटिंग बेड, ४ इंची पाईप म्हणजे पीव्हीसी ड्रेन. एकूण आकडा मूळच्यापेक्षा जरा कमीच आला, भराव बाहेरनं आणायचा नाही म्हणून. आणि चारी बाजूचं उंच कंपाऊंड काढून रस्त्याच्या बाजूला फक्त गुडघ्याएवढा कठडा, मधे मधे फटी, त्यातनं रस्त्यावरचं पाणी आत येणार. कंपाऊंड नाही म्हणल्यावर परत अडलं, गुरं येतील, दारुडे येतील. गुरांसाठी फटीत उभे रॉड घातले. दारुडे काय कंपाऊंडवरनं उडी मारून पण येतातच.

सगळ्यात अवघड मीटिंग मंडळाच्या पोरांबरोबर झाली. गणपतीचा मांडव तिथंच असतो, आणि आता तिथं तळं करायचं म्हणताय? भाद्रपदात पाऊस संपलेला नसतो, देखावा असतो, लाइटिंग असते, बायका-पोरं रात्री बारापर्यंत. त्यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. खरं सांगायचं तर मूळ नकाशात ह्याचा विचारच नव्हता, आणि ती पोरं रागारागानं उठून गेली नसती तर झालापण नसता. दोन गोष्टी बदलल्या. वरच्या कोपऱ्यात, जिथं जमीन मुळातच उंच आहे, मैदानापासून दीड फूट वर एक मोठा दगडी कट्टा घेतला, मांडव तिथं, बाकीचे महिने तिथं बचत गटाची मीटिंग आणि म्हाताऱ्यांच्या गप्पा. दुसरं म्हणजे पाणी आत येतं त्या तोंडाला लोखंडी फळी, खाचेत वरखाली होणारी, शेतात पाटाला लावतो तशी. गणपतीच्या दिवसांत फळी खाली, पाणी नेहमीसारखं गटारीला. किल्ली मंडळाकडं. किल्ली त्यांच्याकडं म्हटल्यावर विरोध संपला आणि उलट तेच सगळ्यांना समजावून सांगायला लागले.

डासांचा प्रश्न बायकांनी काढला. आशाताई होत्या, त्यांनी चांगलं सांगितलं, डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्याएवढं व्हायला आठवडा ते दहा दिवस साठलेलं पाणी लागतं, एका दिवसात रिकामं होणाऱ्या मैदानात तो कसा होईल, तुमच्या गच्चीवरच्या फुटक्या बादल्या आणि टायरी आधी बघा. मैदानाचं ठीक, पण ४ इंची पाईपचं तोंड प्लॅस्टिकनं बुजलं तर? म्हणून त्याच्या आधी जाळी आणि जाळीच्या आधी गाळाचा खड्डा. ह्या गाळाच्या खड्ड्यावर पुढं येतोच.

आणि सांडपाणी. आमच्या गल्लीची उघडी गटार म्हणजे अर्ध्या घरांच्या मोरीचं पाणी. ते बागेत घेतलं तर बाग नाही, दुसरंच काहीतरी होईल. म्हणून ठरलं की गटारीचं पाणी अजिबात आत नाही, फक्त रस्त्यावरनं वाहणारं. पण गच्च्यांचे पाईप लोकांनी गटारीत सोडलेले. घरोघर जाऊन ते पाईप एल्बो लावून रस्त्यावर काढले, खर्च ज्याचा त्यानं. दोन घरं अजून ऐकत नाहीत. त्यांची नावं सांगत नाही, गल्लीत राहायचंय मला.

टेंडर, वर्क ऑर्डर, कॉन्ट्रॅक्टर ह्यात जो वेळ गेला तो गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खुदाई सुरू झाली तेव्हा रोज कुणीतरी लेव्हल पाईप घेऊन उभा, कारण जेसीबीवाल्याला ३० सेंटिमीटर म्हणजे अंदाज. झाडांच्या पट्ट्यात तीन फूट खोल काढून खाली मोठी खडी, त्यात भोकं पाडलेला पाईप, वर बारीक खडी, त्यावर एम सँड म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, तांबडी माती आणि शेणखत मिसळून. काळी माती परत भरायची नाही हे कामगारांना पटेना, ‘एवढी चांगली माती फेकूलासा?’ फेकली नाही, तिचाच कडेनं बांध केला आणि त्या बांधावर बायकांच्या आग्रहानं जास्वंद, तगर, कण्हेर लावली, पूजेच्या फुलांना. आता पहाटे पाचला पिशव्या घेऊन फिरणारे आहेतच, पण ते असो. खोलगट पट्ट्यात वाळा, कर्दळ, लव्हाळा, म्हणजे एक दिवस पाण्यात उभं राहिलं आणि मग महिनाभर कोरडं राहिलं तरी न मरणारं. मोठी झाडं जांभूळ, करंज आणि अर्जुन. एकानं कोनोकार्पस हे परदेशी झाड लावूया म्हटलं, लवकर वाढतं म्हणून, त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं.

पहिला वळीव आला तेव्हा मी मागावर होतो, माग बंद करून बाहेर. रस्त्यावरचं पाणी फटींतनं आत जाताना दिसत होतं, मैदान भरत गेलं, पायऱ्यांपैकी खालची बुडाली, वरची राहिली. आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं, आत आलं नाही. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात रस्ता मोकळा, एरवी तो अंधार पडेपर्यंत भरलेला असायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं चिखलात क्रिकेट खेळत होती, आणि त्यांच्या आया माझ्या नावानं.

जुलैतली संततधार ही मात्र वेगळी गोष्ट. तेव्हा जोर नसतो पण थांबत नाही, मैदान पूर्ण वाळतच नाही, लॉनचं आणलेलं गवत कुजलं. हरळी मात्र आपणहून आली आणि टिकली, तर आता लॉनचा नाद सोडलाय. त्या दिवसांत क्रिकेट बंद, फिरणाऱ्यांचा ट्रॅक चालू, कारण तो कडेनं उंचावर आहे. खालच्या दोन घरांत तरीसुद्धा ओल आली, ती जमिनीखालनं येते, तिला ही बाग काय करणार.

गाळाचं राहिलं. मोठा पाऊस झाला की खड्ड्यात घमेली-घमेली गाळ, प्लॅस्टिक, गुटख्याच्या पुड्या, मागाचे धागे. मंडळाची पोरं आणि आम्ही मिळून काढतो, ते जमतं. पण काढलेला गाळ कुठं टाकायचा? कचऱ्याची गाडी घेत नाही, माती आहे म्हणते. शिवारातल्या काकांना विचारलं, बांधावर टाकू काय, तर ते म्हणाले रस्त्यावरचं ऑइल आणि काचा माझ्या भातात नको, तेही बरोबर. सध्या तो कट्ट्याच्या मागं ढीग घालून वाळवतो, पोरगी म्हणते चाळून वरचं प्लॅस्टिक वेगळं करा आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यात भरायला वापरा. चाळायला एक जुनी वाळूची चाळण गवंडीमामांकडनं आणलीय. ढीग मात्र दर पावसाला वाढतोच आहे, आणि कट्ट्यावर बसणारे म्हातारे तेवढ्यावरनं बोलतात.